अलॉइस अल्झायमर : ज्यांना हा आजार दिसला, पण रुग्ण गेल्यावर

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एका बाईंना दाखल केलं गेलं. नाव ऑगुस्टे डेटर, वय ५१. नवरा रेल्वेत कारकून. काही महिन्यांपासून त्या नवऱ्यावर विनाकारण संशय घेत होत्या, वस्तू भलत्याच ठिकाणी लपवून ठेवत होत्या, घरातल्या घरात हरवल्यासारख्या फिरत होत्या.

त्यांना तपासायला आलेले डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. त्यांनी पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवल्या. ऑगुस्टेंनी नावं बरोबर सांगितली. पण थोड्या वेळाने काय दाखवलं होतं ते त्यांना आठवेना. जेवणात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, तर काय खाताय असं विचारल्यावर त्यांनी पालक सांगितलं. नाव लिहायला सांगितलं तर 'श्रीमती' एवढं लिहून हात थांबला, पुढचं नाव आठवलंच नाही. अल्झायमर यांनी हे सगळं दिवसागणिक टिपून ठेवलं.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या लहान गावातला. १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय होता कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! मेंदूशी त्याचा संबंध नव्हता, पण सूक्ष्मदर्शकाची गोडी तिथेच लागली असावी.

१८८८ मध्ये ते फ्रँकफर्टला रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे फ्रान्झ निस्ल आले. ही मैत्री आयुष्य बदलणारी ठरली. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली नुसता ठेवला तर फारसं काही दिसत नाही, सगळं फिकट, एकसारखं. त्याला योग्य रंग चढवला तर पेशी उठून दिसतात. निस्ल यांनी चेतापेशींसाठी असा रंग शोधला होता आणि ती पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दोघं दिवसा रुग्ण पाहायचे आणि रात्री मेंदूचे काप. वेड म्हणजे केवळ मनाचा बिघाड नाही, त्याची खूण मेंदूत सापडायला हवी, ही त्यांची धारणा होती. अल्झायमर यांना सिगारचा भारी नाद. विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकात डोकावताना ते सिगार बाजूला ठेवत आणि तिथेच विसरत, असं सांगतात.

ऑगुस्टे आल्या त्याच वर्षी, फेब्रुवारीत, अल्झायमर यांच्या पत्नी सेसिली वारल्या होत्या. पदरात तीन लहान मुलं. त्यांना सांभाळायला बहीण आली आणि अल्झायमर कामात बुडाले. १९०३ मध्ये ते हायडेलबर्गमार्गे म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, पण ऑगुस्टेंची खबर घेत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी त्या गेल्या. त्यांचा मेंदू आणि कागदपत्रं म्युनिकला पाठवण्यात आली.

मेंदू आकसला होता. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत पेशींबाहेर चिकट गाठींसारख्या चकत्या दिसल्या, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. चकत्या याआधीही काहींनी पाहिल्या होत्या. गुंत्यांचं इतकं स्पष्ट वर्णन मात्र नवं होतं. त्याच नोव्हेंबरात ट्युबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. हा खरोखर वेगळा आजार आहे का, याबद्दल स्वतः अल्झायमर मात्र साशंकच होते.

१९१२ मध्ये त्यांना ब्रेस्लाऊला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, प्राध्यापकपद मिळालं. तिकडे जातानाच ते आजारी पडले आणि पुढे पूर्ण सावरले नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते गेले. वय ५१, ऑगुस्टे दाखल झाल्या तेव्हा त्यांचं होतं तेवढंच. फ्रँकफर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरलं.

ऑगुस्टेंची हरवलेली फाइल १९९५ मध्ये फ्रँकफर्टला सापडली. पुढे म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या. त्यांत चकत्या आणि गुंते तसेच होते.

अल्झायमर यांची एक अडचण त्यांच्यानंतरही कित्येक दशकं सुटली नाही. माणूस जिवंत असताना मेंदूचा काप घेणार कसा? मृत्यूनंतरच खात्री व्हायची. आता पीईटी स्कॅन, पाठीच्या मणक्यातलं पाणी आणि अलीकडे रक्त यांवरून चकत्यांचा माग लागतो. पण स्कॅन महाग आणि मणक्यात सुई नकोशी. म्हणून काही संशोधक डोळ्याकडे वळले.

कारण साधं आहे. डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, गर्भात मेंदूच्याच भागातून तयार होतो. शरीर न कापता दिसणारा मेंदूचा हा एकमेव तुकडा! डोळ्यात डोकावायचं उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच केलं होतं, पण त्यातून पडद्याचे थर दिसत नसत. १९९१ मध्ये जगासमोर आलेल्या ओसीटी तंत्राने ते दिसू लागले. प्रकाश पडद्यावर टाकून परत येणाऱ्या किरणांवरून थरांची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजता येते. अल्झायमरच्या रुग्णांत चेतातंतूंचा थर सरासरीने पातळ आढळतो.

दुसरी वाट आपल्या ओळखीची आहे. हळदीतलं कुर्क्युमिन चकत्यांतल्या अमायलॉइड प्रथिनाला चिकटतं आणि चमकतं. ते देऊन जिवंत माणसांच्या पडद्यावर ठिपके पाहण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. निस्ल यांच्या रंगाचंच हे भावंड म्हणायला हरकत नाही. (स्वयंपाकातल्या हळदीने मात्र हे होत नाही. ती शरीरात फारच कमी शोषली जाते.)

अडचणी आहेतच. काचबिंदूतही तोच थर पातळ होतो, मधुमेहातही पडदा बिघडतो. मृतांच्या डोळ्यांत काही प्रयोगशाळांना चकत्या सापडल्या, काहींना नाही. त्यामुळे आज केवळ डोळ्याच्या फोटोवरून अल्झायमरचं निदान होत नाही. आणि उपलब्ध असलेली अमायलॉइड कमी करणारी औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात आजाराचा वेग थोडा कमी करतात. नाव लिहिता येईनासं झाल्यावर त्यांचा उपयोग होत नाही.