माघार घेणारा सेनापती

सेनापती म्हटला की आपण त्याने जिंकलेले किल्ले मोजतो. रशियाच्या मिखाईल बार्कले द टॉलीकडे मी ओढला गेलो तो मात्र त्याने सोडलेल्या शहरांमुळे.

जन्म १७६१ सालचा. घराणे मूळचे स्कॉटिश, बाल्टिक प्रदेशात स्थिरावलेले. घरची भाषा जर्मन, पंथ ल्यूथरचा. दरबारात वशिला नाही, त्यामुळे बढत्या मुंगीच्या पावलांनी आल्या. तुर्क, स्वीडिश, पोलिश अशा सगळ्यांशी तो लढला. १८०७ मध्ये आयलाउच्या लढाईत हाताचा चुराडा झाला. १८०९ च्या मार्चमध्ये या गृहस्थाने अख्खी फौज गोठलेल्या समुद्रावरून चालवत स्वीडनच्या किनाऱ्यावर नेली! झार पहिल्या अलेक्झांडरने त्याला १८१० मध्ये युद्धमंत्री केले.

मग २४ जून १८१२ उजाडला. नेपोलियन नेमान नदी ओलांडून रशियात शिरला, चार लाखांवर सैन्य घेऊन. बार्कलेकडे सव्वा लाखाच्या आसपास, दक्षिणेला बाग्रातिओनकडे पन्नासेक हजार. सीमेवरच भिडावे तर एका दिवसात सगळे संपणार. बार्कले मागे सरकू लागला. विल्ना सोडले, वितेब्स्क सोडले. दोन्ही फौजा स्मोलेन्स्कला एकत्र आल्या. ऑगस्टमध्ये दोन दिवस झुंजून तेही जळते शहर त्याने सोडले.

माझी उमेद बँकेत गेली, म्हणून मला हा हिशेब लगेच कळतो. व्याज गेले तरी चालेल, मुद्दल राहिले पाहिजे. बार्कलेचे मुद्दल म्हणजे फौज. पण कर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी पेढे देत नाही! शिपायांनी त्याच्या आडनावाची मोडतोड करून नुसती बडबड करणारा असा अर्थ काढला. बाग्रातिओन दरबारी तक्रारींची पत्रे धाडत होता. आडनाव परके, म्हणून देशद्रोहाची कुजबूजही झाली. खुलासा करायला त्याच्याकडे ना वक्तृत्व, ना मित्र.

अखेर झारने त्याच्या डोक्यावर वृद्ध कुतुझोव्हला आणून बसवले. गंमत अशी की कुतुझोव्हही आधी मागेच सरकला. पण त्याचे नाव रशियन होते. बार्कले मुकाट्याने हाताखाली राहिला. ७ सप्टेंबरला बोरोदिनोच्या रणात तो सगळी पदके लावून तोफांच्या माऱ्यात उभा होता. एकामागून एक घोडे त्याच्याखाली मेले. हा मरणच शोधतो आहे, असे पाहणाऱ्यांना वाटले. ते मिळाले नाही. १३ सप्टेंबरला फिली गावातल्या बैठकीत मॉस्को सोडा, फौज वाचवा, हे कटू मत त्याने मांडले आणि कुतुझोव्हने तेच केले.

पुढे मॉस्को जळाले, नेपोलियन परतला, थंडी-उपासमारीत त्याची सेना विरघळली. नेपोलियन परतण्याआधीच बार्कले प्रकृतीचे कारण देऊन घरी गेला होता.

झारने १८१३ मध्ये त्याला परत बोलावले. १८१४ मध्ये पॅरिस पडले आणि तो फील्ड मार्शल झाला. नंतर सरदारकीही मिळाली. १८१८ मध्ये उपचारासाठी निघाला असता वाटेतच, पूर्व प्रशियात, वारला. पुश्किनने १८३५ मध्ये त्याच्यावर कविता लिहिली. १८३७ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कझान कॅथीड्रलसमोर दोघांचे पुतळे बसले. कुतुझोव्हची कबर त्या कॅथीड्रलच्या आतच आहे. बार्कलेची आजच्या एस्टोनियातल्या येगेवेस्ते या खेड्यात. तिच्यावरची वास्तू १८२३ मध्ये त्याच्या पत्नीने बांधून घेतली.