मिरजेचे फरीदसाहेब

मिरज म्हटले म्हणजे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उघडलेले रुग्णालय प्रथम आठवेल, आणि ते आठवावे हे योग्यच आहे. परंतु हे रुग्णालय निघण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधीपासून त्याच गावात आणखी एका जातीच्या रोग्यांवर उपचार होत असत. हे रोगी लाकडाचे व भोपळ्याचे असत. कोणाची दांडी मोडलेली, कोणाचा भोपळा तडकलेला, तर कोणाचा आवाज बसलेला. त्यांचे वैद्य होते फरीदसाहेब शिकलगार. ज्या तंबोऱ्याच्या साथीवाचून आपल्याकडील गवई गावयास बसत नाही, तो तंबोरा व सतार महाराष्ट्रात घडविण्याचा उद्योग ज्यांच्यापासून सुरू झाला असे मानतात, ते हेच गृहस्थ होत.

शिकलगार म्हणजे हत्यारांस धार लावणारा व जिल्हई देणारा कारागीर. तलवार घडवावी लोहाराने. परंतु ती म्यानातून निघताच लखलखावी, तिच्या अंगावर डाग वा खवला राहू नये, आणि धार टोकापासून मुठीपर्यंत एकसारखी असावी, हे काम शिकलगाराचे. मिरज हे पटवर्धन सरदारांचे ठाणे. तेथे किल्ला होता, शिबंदी होती, आणि जेथे शिबंदी तेथे शिकलगारांस काम उदंड. पण १८१८ साली पेशवाई बुडाली. पटवर्धनांचे संस्थान राहिले, दरबार राहिला, मात्र लढाया राहिल्या नाहीत. तलवारी दसऱ्याच्या पूजेपुरत्या बाहेर पडू लागल्या. वर्षातून एकदा पूजावयाच्या तलवारीवर किती कुटुंबांनी पोट भरावे?

आम्हां भिवंडीकरांस ही गोष्ट नवलाची वाटू नये. विणकरांच्या कित्येक घराण्यांनी १८५७ नंतर उत्तरेकडून येऊन ह्या गावी हातमाग मांडले. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमाग आले, तेव्हा हातमागावर बसलेल्या बोटांस एका पिढीत नवे काम शिकावे लागले. आता त्या यंत्रमागांचेही खटखटणे कित्येक आळ्यांत थांबले असून गावाबाहेर वखारी उठत आहेत. धंदा जातो, परंतु धंद्याने हातास लावलेले वळण जात नाही. ते वळण कोठे उपयोगी पडेल हे मात्र वेळीच ओळखावे लागते. फरीदसाहेबांनी ते ओळखले, आणि त्यांच्या चरित्रातील मोठी गोष्ट आमच्या मते हीच आहे.

ते घडले असे. मिरजेच्या दरबारी गाण्याची आवड होती. उत्तरेकडील गवई व बीनकार आश्रयार्थ दक्षिणेत येत. त्या काळी प्रवास बैलगाडीचा किंवा घोड्याचा. आमच्या शेजारच्या ठाण्यासदेखील आगगाडी १८५३ साली आली, मग मिरजेची कथा काय! शेकडो कोसांच्या खडखडाटात भोपळ्यासारखी नाजूक वस्तू धड पोहोचली तर नवलच. वाद्य फुटले तर ते पुनः उत्तरेस धाडावे, व बरे होऊन येईपर्यंत गवयाने मुके बसावे, असा प्रसंग येई. तेव्हा ही मोडकी वाद्ये गावातल्या गावात कोण सांधील असा शोध सुरू झाला, आणि लोकांची दृष्टी फरीदसाहेबांकडे वळली, अशी हकीकत मिरजेस परंपरेने सांगतात. ज्याचा हात पोलादावर इतका बारीक चालतो, त्यास लाकूड काय जड जाणार, असा तो हिशेब असावा. हिशेब चुकला नाही.

दुरुस्ती करणाऱ्यास वाद्याचे पोट पाहावयास मिळते. नवे वाद्य विकत घेणारा ते बाहेरून पाहतो. फुटलेले जोडणारा आतील भिंतीची जाडी, सांध्याची खाच, सरस कोठे लावला व कोठे नाही, हे सर्व न्याहाळतो. फरीदसाहेबांचे शिक्षण हे असे झाले. मोडकी वाद्ये हेच त्यांचे क्रमिक पुस्तक. जोडता जोडता त्यांस रचना उमगली, आणि १८५० च्या सुमारास मिरजेत नवीन तंबोरे व सतारी तयार होऊ लागल्या.

येथे दूरदेशीचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती फुलर्टन गावी लिओ फेंडर (१९०९–१९९१) नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. वादकांचे बिघडलेले ध्वनिवर्धक त्यांच्याकडे येऊ लागले, त्यातून ते वाद्यांकडे वळले, आणि १९५० साली त्यांनी भरीव लाकडाची विजेवर वाजणारी गिटार बाजारात आणली. ह्या गिटारीस पोकळ पोट लागत नाही. तारेखाली बसविलेली चुंबके तारेचा कंप टिपतात आणि वीज तो मोठा करते. इतके असूनही उंची गिटारीचे पडदे आजदेखील कारागीर हातानेच कानसून एका पातळीत आणतो, तिच्या मानेची गोलाई हातानेच घासतो, आणि रोगणाचे थर एकावर एक चढवून, वाळवून, घोटून काढतो. यंत्र नव्वद भाग काम करील, परंतु उरलेल्या दहा भागांतच वाद्य वाजते की नुसते दिसते ह्याचा निकाल लागतो. असो.

आता फरीदसाहेबांनी जी पद्धत घालून दिली व जी त्यांच्या मागून थोड्याफार फरकाने चालत आली, ती पाहू. आरंभ शेतात होतो. तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा आणि चार ते पाच फूट घेराचा असतो. असे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस भीमेच्या खोऱ्यात होतात. मिरजेस हा उद्योग रुजला ह्याचे एक कारण हे की, उत्तम भोपळा तेथून फार दूर नव्हता. फळ वेलावर पुरते पिकू देतात, मग महिनेच्या महिने वाळवितात. कच्च्या भोपळ्याचे वाद्य पुढे आकसते व सांधे सोडते. वाळलेला भोपळा पाण्यात भिजत घालून मऊ करतात, तोंड कापून आतील गर व बिया खरवडून काढतात, आणि आत काटक्यांचा आधार देऊन तो पुनः वाळू देतात, म्हणजे तोंडाचा आकार हवा तसा राहतो. आम्ही मिरजेस गेलो असता एका कारखान्यात आढ्यास टांगलेले असे भोपळे पाहिले. निरनिराळ्या वर्षांचे ते भोपळे दुधाळ पांढऱ्यापासून मधासारख्या पिवळ्यापर्यंत रंग पालटीत गेले होते. जुना असेल तो मालकाच्या मर्जीतला, हे सांगावे लागले नाही.

भोपळ्यास लाकडाचा गळा बसवितात व गळ्यास दांडी जोडतात. लाकूड तुणीचे. ते तांबूस, वजनास हलके आणि कोरावयास सोपे असते. दांडी भरीव नसते. ती पन्हळीसारखी कोरून वरून पट्टीने झाकतात, कारण तिच्या पोकळीतही नाद फिरला पाहिजे. भोपळ्याच्या तोंडावर जी पातळ, किंचित फुगीर फळी बसते ती तबली. खरी परीक्षा येथे होते. तबली जाड राहिली तर वाद्य घुमत नाही. पातळ झाली तर तारांच्या ओढीने घोडीखाली दबते आणि काही वर्षांत बसते. तिची जाडी मोजपट्टीने ठरत नाही. कारागीर बोटाने टिचकी मारतो, ऐकतो, पुनः रंधा फिरवितो. सांध्यावर लाकडी पाने कोरून लावितात. ती शोभेची खरी, पण सांधा झाकतात व बळकटही करतात. पूर्वी नक्षीकामास हस्तिदंत व घोडीस सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाल्यावर त्यांची जागा इतर पदार्थांनी घेतली, आणि ते बरेच झाले. शेवटी लाख स्पिरिटात विरघळवून तिचे बोळे कापडाने फिरवीत राहावयाचे. पातळ थर, वाळवण, घासणी, पुनः थर. जिल्हई देण्याची विद्या शिकलगारास नव्याने शिकावी लागली नसेल. पोलादाच्या जागी लाकूड आले एवढेच.

परंतु शिकलगाराचे खरे देणे जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा धारदार नसतो. तो रुंद असून त्यास अगदी हलका उतार असतो. तार छेडली म्हणजे ह्या उतारास चाटून चाटून कंप पावते, आणि एका स्वराबरोबर वरचे अनेक स्वर उमटू लागतात. हा उतार केसभर चुकला तरी तार भणभणते किंवा मुकी होते. तो कानशीने व हातानेच साधावा लागतो. मग तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सारून तो पुढेमागे करीत नेमकी जागा शोधावयाची. ती सापडली की सगळा तंबोरा उमलतो. पात्यावरचा केसभर उंचसखलपणा उजेडात धरून ओळखणे हे ज्यांचे वंशपरंपरेचे काम, त्यांच्याच हाती ही घोडी जावी ह्यापेक्षा चांगला योग कोणता? अन्य कोणत्याही कारागिराने हे काम इतक्या लवकर आत्मसात केले नसते, असे आम्हांस वाटते.

ह्या धाग्यात केवढे शास्त्र दडले आहे हे पुढे डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखविले. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूशी निगडित असलेले काही उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय शास्त्रज्ञांनी घालून दिलेला नियम आहे. तंबोऱ्यात व वीणेत तेच उपस्वर स्वच्छ उमटतात, ही गोष्ट रामन यांनी १९२१ च्या सुमारास मांडली व तिचे कारण घोडीच्या घडणीत दाखविले. नोबेल पारितोषिक त्यांस १९३० साली मिळाले ते प्रकाशाविषयीच्या शोधाबद्दल; परंतु वाद्यांवरील त्यांचे हे काम विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. फरीदसाहेबांस उपस्वर हा शब्द कोणी शिकविला नव्हता. कान व कानस एवढ्यावर त्यांनी ते साधले.

वाद्य मिळू लागताच गाणेही मिरजेस वस्तीला आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोहोंनी एकमेकांस धरून ठेवले यात संशय नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य मिरजेस होते. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) शिकले. फटाक्याने डोळे दुखावल्यामुळे औषधोपचारासाठी मिरजेस आलेला हा मुलगा पुढे गानविद्येचा प्रचारक झाला, व १९०१ साली त्याने लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. संगीताच्या शाळा निघाल्या म्हणजे तंबोरे लागणारच. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तर मिरजेचेच होऊन राहिले. त्यांस वाद्यदुरुस्तीचा एवढा छंद की तंबोऱ्याची जवारी ते स्वतः लावीत. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले, आणि तेथे दरवर्षी उरुसात गायक हजेरी लावतात.

फरीदसाहेबांच्या मागून त्यांच्या घराण्याने व आप्तांनी काम वाढविले. धंदा पालटला तसे नावही पालटले. शिकलगार हे नाव सुटून सतारमेकर हे आडनाव रूढ झाले, आणि त्यांच्या वस्तीस सतारमेकर गल्ली म्हणू लागले. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे हे आडनाव कानास थोडे विचित्र लागते खरे. पण ज्या घराण्यास धंद्याने दुसरा जन्म दिला त्याने धंद्याचेच नाव घ्यावे यात काय वावगे?

पिढ्या सहा-सात झाल्या. मध्यंतरी बंगळुरास विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी निघाली आणि १९८० नंतर ती घरोघर गेली. आता तर खिशातील दूरध्वनीही तंबोऱ्याचा आवाज काढतो. सुरास तो पक्का असतो, फुटत नाही, गाडीत जागा अडवीत नाही. रियाजापुरता पुष्कळ गायक त्यावर भागवितात, आणि साहजिकच गल्लीतील काही मुले अन्य नोकऱ्यांकडे वळली. जी राहिली त्यांस आतापर्यंत एक अडचण होती. मिरजेत घडलेले वाद्य दुसऱ्याच गावच्या दुकानाचे नाव लावून विकले गेले तर बोलावयास आधार नव्हता. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे गावाच्या नावास कायद्याचे संरक्षण आले. त्यायोगे किती मुले पुनः कानस हाती घेतील हे पाहावयाचे आहे.

तंबोरा मागविणाऱ्यास तेथे आजही प्रथम एकच गोष्ट विचारतात: गाण्याची पट्टी कोणती? पुरुषाची काळी एक असो वा स्त्रीची काळी चार-पाच, त्याप्रमाणे भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी व तारांची जाडी ठरते. लाखेची जिल्हई वाळून वाद्य भिंतीस टेकून उभे राहिले, तरी घोडीचे काम बाकी ठेवितात. गायकाच्या पट्टीत तारा चढवून झाल्यावरच तिच्यावर शेवटची कानस फिरते, आणि मग धागा घालतात.