नांगराच्या कारखान्यातली माणसे

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड... उपनगरातल्या कुठल्याही घरात रविवारी दुपारी जेवताना ऑफिसच्या गोष्टी निघाल्या, की विषय हमखास साहेबावर येतो. काम जास्त आहे ही तक्रार असतेच. पण खरा सल वेगळा असतो. आपल्याला कोणी विचारत नाही, आपण काय करू शकतो हे वरच्यांना ठाऊक नाही आणि निर्णय झाल्यावर तो सगळ्यात शेवटी आपल्याला कळतो. हाच सल सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मराठी मास्तरांनी अनुभवला होता. पुढे ते स्वतः शेकडो माणसांचे मालक झाले. त्या वेळी ते कसे वागले, ही मोठी शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्या मास्तरांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना. ओढ होती चित्रकलेची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंगांमधला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. मात्र हात कसबी होता. त्यांनी यांत्रिक ड्रॉइंगचा रस्ता धरला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या 'व्हीजेटीआय'मध्ये, ते शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगाव गाठले.

तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर पडून राहिले. पण गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून त्यांनी हात झटकले नाहीत. समजावत राहायचे, माल सुधारत राहायचे, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

बेळगावातली जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव तिथे उतरले. माळावर पाण्याची वानवा, जिकडेतिकडे निवडुंग आणि साप. अशा ठिकाणी पंचवीसेक कामगार बायकामुलांसह आले, ते मालकावर भरवसा ठेवूनच. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

वाडी उभी करणाऱ्या माणसांची यादी पाहिली, तर आजचा एखादा पर्सोनेल मॅनेजर डोक्याला हात लावेल. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्धवट राहिलेले. ते कारखान्याचे कल्पक डिझायनर झाले. शंभूराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब आणि दप्तर, तर रामूअण्णांनी वसाहतीची आखणी. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेत. शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांना तर चक्क वस्तीची राखण दिली गेली आणि त्यांनी ती चोख केली. वाडीत शिवाशिवीलाही थारा नव्हता.

याला नुसते औदार्य म्हणून चालणार नाही. एका कामात मागे पडलेला माणूस दुसऱ्या कामात पुढे जाऊ शकतो, याचा दाखला लक्ष्मणरावांच्या स्वतःच्याच आयुष्यात होता. प्रमाणपत्रापेक्षा ते हात पाहत. माणूस पारखून त्याला जबाबदारी देत. ज्याच्यावर जबाबदारी असते, त्याला कामाची माहितीही द्यावी लागते आणि त्याचे ऐकूनही घ्यावे लागते. आपल्याकडे नेमके इथेच अडते. काम सोपवले जाते. विश्वास मात्र साहेबाच्या ड्रॉवरमध्ये कुलुपात राहतो.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. तेव्हा किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा मिळवून त्या वितळवण्यात आल्या आणि त्यांतून नांगराचे फाळ निघाले. अशा अडचणीत हुकूम कामाला येत नाहीत. ज्याला जे सुचेल ते बोलायची मुभा असलेली माणसेच कामाला येतात.

धंदा वाढला तशी माणसे दूरदूर पांगली. १९२० मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्यात काय चालले आहे, हे त्याच्याशी संबंध असलेल्या सगळ्यांना कळावे, म्हणून काढलेले हे छोटेसे पत्र. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले. कारखान्याच्या खबरबातीतून एवढे मोठे मासिक जन्माला यावे, हे आपल्याकडचे विरळा उदाहरण.

वाडीची घडी जशीच्या तशी आजच्या ऑफिसात बसणार नाही, हेही खरे. तिथे मालक आणि कामगार एकाच वस्तीत राहत, एकमेकांची सुखदुःखे जाणत. त्यात वडीलधाऱ्याचा धाकही असणारच. आज साहेब ठाण्याला, कारकून विरारला आणि मालक परदेशात. पण म्हणूनच विचारण्याची आणि सांगण्याची गरज वाढली आहे. वाडीत जे येता-जाता कळत असे, ते आता मुद्दाम वेळ काढून कळवावे लागते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. डावलले गेलेला माणूस पुढे अधिकार हाती आल्यावर बहुधा दोनपैकी एक करतो: स्वतः सोसलेले खालच्यांच्या पदरात टाकतो, नाहीतर ते आपल्यापाशीच थांबवतो. लक्ष्मणरावांनी ते थांबवले. चार माणसांचे काम पाहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बँकेतला अधिकारी असो की वर्कशॉपमधला फोरमन, एवढे तरी नक्कीच करता येईल.