योझेफ आल्बर्स : पाहायला शिकवणारे शिक्षक

जर्मनीतील बोट्रोप या कोळसाखाणींच्या गावी १९ मार्च १८८८ रोजी योझेफ आल्बर्स यांचा जन्म झाला. वडील घरे रंगविण्याचा व्यवसाय करीत. हाताने काम करण्याची शिस्त त्यांना घरातच लाभली. पुढे ते प्राथमिक शाळेत शिक्षक झाले आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती वाट सोडून वायमार येथील बाउहाउस या नव्या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. रंगसाहित्यासाठी पैसे नव्हते. पाठीवर पिशवी व हाती हातोडी घेऊन ते गावच्या उकिरड्यावर जात, फुटक्या बाटल्यांच्या रंगीत काचा वेचीत आणि त्यांतून चित्रे सांधीत. त्याच संस्थेने त्यांना काचकामाची कार्यशाळा सोपविली आणि १९२३ पासून नवागतांचा वर्गही दिला.

१९३३ साली नाझींच्या दडपणामुळे बाउहाउस बंद पडले. पत्नी आनी या विणकामातील कलावंत ज्यू कुळातल्या. जर्मनीत राहणे दोघांनाही धोक्याचे होते. त्याच वर्षी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, जॉन राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॅक माउंटन कॉलेज स्थापन केले होते. तेथून बोलावणे आले. आल्बर्स यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते, तरीही ते निघाले.

हे कॉलेज चित्रकारांचे नव्हते. साहित्य, विज्ञान, संगीत असे सारे विषय तेथे शिकविले जात, आणि चित्रकला त्यांच्या शेजारची शोभेची वस्तू नसून अभ्यासक्रमाच्या मध्यभागी होती. विद्यार्थी शेतात राबत. शिक्षकांना वेतन बेताचेच मिळे. आल्बर्स यांच्या वर्गात पुढे कलावंत होणारे बसत, तसे कधीही न होणारेही बसत, आणि दोघांना कसोटी एकच असे. वर्तमानपत्राचा एक कागद देऊन तो वाया न घालवता त्याला उभे राहायला लावायचे; स्वतःची सही उलटी, आरशात दिसेल तशी लिहायची; एकच रंग दोन निरनिराळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन रंगांसारखा कसा भासतो हे शोधायचे. डोळ्यांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याला या वर्गात धक्का बसे. भाषा तोकडी असल्याचा येथे फायदाच झाला असावा. बोलण्याऐवजी करून दाखविणे भाग होते.

ते कठोर होते, कधी कधी अन्यायही करीत. १९४८ साली आलेल्या रॉबर्ट रॉशनबर्ग या तरुणाची चित्रे त्यांना मुळीच रुचत नसत. तरी रॉशनबर्ग यांनी पुढे आयुष्यभर त्यांना आपले सर्वांत महत्त्वाचे गुरू मानले. रूथ असावा यांची कहाणी निराळी. जपानी वंशाच्या म्हणून युद्धकाळात त्यांना कुटुंबासह छावणीत डांबण्यात आले, आणि त्याच कारणाने कोणतीही शाळा त्यांना अध्यापनाचा सराव करू देईना. १९४६ मध्ये त्या ब्लॅक माउंटनला आल्या.

सहकाऱ्यांशी झालेल्या मतभेदांनंतर आल्बर्स यांनी १९४९ साली कॉलेज सोडले. १९५० पासून ते येल विद्यापीठात शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी एकात एक बसविलेल्या चौकोनांची चित्रमालिका आरंभिली. पुढील पंचवीस वर्षांत त्यात हजारांहून अधिक चित्रांची भर पडली. रंगांच्या परस्परसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. ब्लॅक माउंटन कॉलेज मात्र १९५७ सालीच पैशांअभावी बंद पडले होते. २५ मार्च १९७६ रोजी आल्बर्स यांचे निधन झाले.

त्यापूर्वीच, १९६८ साली, रूथ असावा यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील एका सरकारी प्राथमिक शाळेत इतर पालकांसह कलेचा वर्ग सुरू केला होता. निधी नाममात्र होता. मुले दुधाचे रिकामे खोके आणि अंड्यांचे पुठ्ठे घेऊन येत, आणि पीठ, मीठ व पाणी मळून त्या लगद्यातून मूर्ती घडवीत.