तपासनीस आणि सुभेदार

बँकेत माझी सुरुवातीची काही वर्षे शाखांमधून गेली आणि मग एके दिवशी मला तपासणी खात्यात घातले. वय तिशीच्या आत. काम असे की, सकाळी कुलूप उघडायच्या आधी एखाद्या शाखेच्या दारात जाऊन उभे राहायचे, तिजोरीतली रोकड मोजायची, खतावण्या ताब्यात घ्यायच्या आणि पुढचे पंधरा दिवस त्या शाखेचे पोट फाडून बघायचे. समोरचा शाखाधिकारी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पगाराने दुप्पट. पण तो माझ्यासाठी खुर्ची ओढायचा, चहा सांगायचा आणि मी कुठले पान उलटतो आहे इकडे तिरक्या नजरेने बघत राहायचा. या उलट्या रचनेत शहाणपण आहे, हे मला फार उशिरा कळले. लहान दर्जाच्या माणसाला गमावण्यासारखे थोडे असते, म्हणून तो निर्भीडपणे बघतो. आणि त्याच्या हातात कारभार नसतो, म्हणून त्याला लपवण्यासारखे काही नसते.

पुढे कादंबरीच्या नादाने मी जुन्या चीनचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हीच युक्ती तिथे दोन हजार वर्षांपूर्वी भेटली. हान घराण्याच्या वू सम्राटाने इ. स. पूर्व १०६ मध्ये राज्याचे विभाग पाडून प्रत्येकावर एक तपासनीस नेमला. विभागात अनेक जिल्हे आणि जिल्ह्यात अनेक तालुके. जिल्हाधिकाऱ्याचा दर्जा २,००० मापे धान्याचा आणि त्याची झडती घेणाऱ्या तपासनिसाचा अवघा ६०० मापांचा. त्याने काय तपासायचे याची सहा कलमे ठरवून दिलेली होती. वर्षभर फिरायचे, बघायचे आणि राजधानीला कळवायचे. सैन्य त्याच्या हाती नाही, खजिना नाही. या व्यवस्थेत अधूनमधून फेरबदल झाले, पण इ. स. १४० च्या शिरगणतीत जवळजवळ ५ कोटी प्रजा मोजणारे ते अवाढव्य राज्य ज्या टेकूंवर उभे होते, त्यांतला हा एक होता.

हा टेकू काढला गेला तो इ. स. १८८ मध्ये. चार वर्षांपूर्वी पिवळी फडकी डोक्याला बांधलेल्या शेतकऱ्यांचा प्रचंड उठाव झाला होता. तो मोडला, पण जागोजागी धग राहिली. तेव्हा ल्यू यान नावाच्या राजवंशातल्याच एका मानकऱ्याने सुचवले की, तपासनिसांचे कोणी ऐकत नाही. तेव्हा वजनदार माणसे निवडून त्यांना सुभेदार करा आणि सैन्य, महसूल, नेमणुका सारे त्यांच्या हाती द्या. या सुभेदाराला चिनी शब्द ‘मू’. त्याचा मूळ अर्थ गुरे राखणारा. सूचना मान्य झाली आणि पहिल्या काही नेमणुकांत खुद्द ल्यू यानचेच नाव निघाले! तो पश्चिमेच्या यी सुभ्यात गेला, राजधानीकडे येणारी डोंगरवाट आपल्याच एका साथीदाराकरवी बंद करवली आणि दरबाराला कळवले की, काय करणार, दरोडेखोरांनी रस्ता तोडला आहे. झडती घेणाऱ्यालाच तिजोरीच्या किल्ल्या दिल्या की काय होते, ते सांगायला बँकेत नोकरी केलेली असण्याचीही गरज नाही.

पण मला सांगायचे आहे ते ल्यू यानविषयी नव्हे. लबाड माणसाच्या गोष्टीत शिकण्यासारखे फार नसते. मला सांगायचे आहे ते एका भल्या माणसाविषयी, जिंग सुभ्याच्या ल्यू ब्यावविषयी.

ल्यू ब्याव जन्मला इ. स. १४२ मध्ये, आजच्या शांतुंग प्रांतात. हान घराण्याच्याच दूरच्या शाखेतला. उंचापुरा, देखणा, विद्वान. तरुणपणी राजधानीतल्या खोजांच्या सत्तेविरुद्ध विद्वानांनी जी चळवळ केली, तिच्यातल्या नामवंतांत त्याची गणना होई. इ. स. १६९ मध्ये या मंडळींची धरपकड झाली, अनेक जण मारले गेले आणि ल्यू ब्याव परागंदा झाला. बंदी उठली ती १८४ मध्ये. म्हणजे ऐन उमेदीची पंधरा वर्षे दरवाजे बंद असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या सावधपणाचे मूळ मला इथे दिसते.

इ. स. १९० मध्ये त्याला जिंगचा तपासनीस नेमले, कारण आधीच्या तपासनिसाचा खून झाला होता. यांगत्से आणि हान या नद्यांच्या काठचा हा सुभा म्हणजे सात जिल्हे. त्यांतल्या एकट्या नानयांगमध्ये १४० च्या शिरगणतीत २४ लाख माणसे होती. पण नानयांग आता दुसऱ्याच एका सरदाराने बळकावले होते, रस्ते अडले होते आणि दक्षिणेत स्थानिक घराण्यांच्या टोळ्या मोकाट होत्या. नव्या तपासनिसाजवळ सैन्य नव्हते. तो एकटाच घोड्यावर बसून यिचेंग गावी पोचला आणि तिथल्या ख्वाय आणि त्साय या बड्या घराण्यांतल्या माणसांना त्याने सल्ला विचारला. ख्वाय ल्यांग म्हणाला, दया आणि न्याय यांनी माणसे आपोआप येतील. ख्वाय युए म्हणाला, ते शांततेच्या काळाचे औषध. आत्ता डाव टाकावा लागेल. ल्यू ब्यावने दोघांचीही स्तुती केली आणि दुसऱ्याचे ऐकले. टोळ्यांच्या म्होरक्यांना लाभाचे आमिष दाखवून बोलावले, आले त्यांची मुंडकी उडवली आणि त्यांची माणसे आपल्या चाकरीत घेतली. मग हान नदीच्या काठी श्यांगयांगला त्याने आपले ठाणे हलवले. भल्या माणसाच्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी झाली, हे विसरून चालणार नाही. १९२ मध्ये दरबाराने त्याला सुभेदारही केले.

पुढे जे घडले ते त्या काळात अन्यत्र क्वचितच घडले. उत्तरेत सरदार एकमेकांचे मुलूख जाळत होते, दुष्काळ पडत होते. जिंगमध्ये मात्र शेते पिकत होती. आसऱ्याला आलेल्या विद्वानांचीच संख्या हजारावर गेली आणि ल्यू ब्यावने त्यांना पोसले. पाठशाळा काढल्या, पंचग्रंथांवर नवी टीका लिहवून घेतली. वांग त्सान हा त्या पिढीतला श्रेष्ठ कवी त्याच्याच आश्रयाला होता. श्यांगयांगजवळच्या लुंगचुंगमध्ये जूग ल्यांग नावाचा एक तरुण शेती करत होता, तोही याच शांततेच्या सावलीत. १९६ मध्ये जांग जी नावाचा एक उपाशी सेनापती जिंगच्या हद्दीत लुटीसाठी घुसला आणि बाण लागून मेला. सारे अधिकारी अभिनंदनाला आले, तेव्हा ल्यू ब्याव म्हणाला की, पाहुणा ओढगस्तीने आला होता आणि यजमानाने त्याचा नीट सत्कार केला नाही. मी दुखवटा स्वीकारीन, अभिनंदन नको. हे ऐकून त्या मृत सेनापतीचे सैन्यच त्याच्या बाजूला आले. यात मुत्सद्देगिरी किती आणि माणुसकी किती, ते वेगळे काढता येत नाही. चांगल्या कारभाऱ्याच्या बाबतीत ते काढूही नये.

मग घोडे पेंड कुठे खाते?

इ. स. २०० मध्ये उत्तरेत युआन शाव आणि त्साव त्साव यांची निर्णायक गाठ पडली. युआन शावने मदत मागितली. ल्यू ब्यावने देतो म्हटले आणि दिली नाही. त्साव त्सावलाही दिली नाही. त्याच्याजवळ तेव्हा लाखावर शस्त्रधारी माणसे होती. त्याच्या सल्लागारांनी बजावले की, दोघांपैकी एकाला निवडा. दोन्हींकडचा राग ओढवून घेऊन मध्ये बसता येणार नाही. त्याने हान सुंग या सल्लागाराला त्साव त्सावच्या गोटात पाहणीला पाठवले. जाण्याआधी हान सुंगने स्पष्ट सांगितले होते की, तिथे सम्राट आहे. त्याने मला पद दिले तर मी त्याचा चाकर होईन, तुमचा उरणार नाही. तसेच झाले. परत येऊन तो त्साव त्सावची स्तुती करू लागला, तेव्हा ल्यू ब्याव त्याला मारायलाच उठला. बायकोने समजूत घातली म्हणून तो जिवानिशी सुटला, पण तुरुंगात गेला. प्रश्न विचारायचा आणि उत्तर आले की उत्तर देणाऱ्याला कोंडायचे, हा अनिर्णयाचा सर्वात जुना प्रकार आहे.

२०१ मध्ये ल्यू बेइ हा पराभूत पण गुणी योद्धा आसऱ्याला आला. ल्यू ब्यावने त्याला मानाने ठेवले, सैन्य दिले, पण विश्वास टाकला नाही. २०७ मध्ये त्साव त्साव दूर उत्तरेत मोहिमेवर गेला असता ल्यू बेइने सुचवले की, हीच वेळ आहे, त्याच्या राजधानीवर चालून जावे. ल्यू ब्यावने ऐकले नाही आणि नंतर हळहळला.

इथे मला माझी एक फाईल आठवते. पुढे मी मंजुरीचे अधिकार असलेल्या खुर्चीवर बसलो, तेव्हा एका गावातल्या वीसेक शेतकऱ्यांचा उपसा सिंचनाचा प्रस्ताव माझ्याकडे आला. कागद बरे होते, धोका थोडा होता. मी तो नाकारला नाही आणि मंजूरही केला नाही. एक शेरा मारायचा, एक दाखला मागवायचा, दाखला आला की दुसरा. असे दोन पावसाळे गेले. त्यातल्या काहींनी सावकाराचे पैसे काढले आणि जमिनी घालवल्या. निवृत्तीच्या समारंभात माझे कौतुक झाले ते असे की, यांनी दिलेले एकही कर्ज बुडाले नाही. मी हार घालून घेतला. ज्यांना दिलेच नाही त्यांचे काय बुडाले, याचे खाते कुठल्याच खतावणीत नसते.

म्हणून ल्यू ब्यावला नुसता भित्रा म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही. तिसऱ्या शतकातल्या इतिहासकाराने त्याला बाहेरून उदार आणि आतून संशयी ठरवले. पुढच्या कादंबरीने त्याला दुबळा म्हातारा करून टाकले. पण अठरा वर्षे सुभ्याच्या बहुतेक भागात नांगर चालला, हे काही कमी नाही. लढाईत न उतरणे हा त्याचा गुन्हा नव्हता. गुन्हा वेगळाच होता.

त्याच्या मुलांपैकी दोघे या गोष्टीत महत्त्वाचे. थोरला ल्यू छी, धाकटा ल्यू त्सुंग. धाकट्याचे लग्न दुसऱ्या बायकोच्या, म्हणजे त्साय घराण्याच्या भाचीशी झालेले, म्हणून ते सारे घराणे धाकट्याच्या मागे. बापाने निकाल दिला नाही. नुसते थोरल्यावरचे मन उडत गेले. घाबरलेल्या थोरल्याने जूग ल्यांगला माडीवर नेले, खालची शिडी काढून घ्यायला लावली आणि मग सल्ला मागितला. सल्ला एवढाच की, इथून बाहेर पड. तो पूर्वेच्या च्यांगश्या जिल्ह्यावर निघून गेला. २०८ च्या उन्हाळ्यात त्साव त्सावच्या फौजा दक्षिणेकडे निघाल्या आणि ल्यू ब्याव अंथरुणाला खिळला. थोरला भेटीला आला, तर त्साय मंडळींनी त्याला दारातच अडवले. तो रडत परत गेला. आठव्या महिन्यात ल्यू ब्याव वारला.

पुढच्याच महिन्यात धाकट्याने लढाई न करता सुभा त्साव त्सावच्या हवाली केला. ज्या सल्लागारांचे म्हणणे आठ वर्षे टांगून ठेवले होते, त्यांना त्साव त्सावने मानमरातब दिले. पण ज्यांना कोणी विचारलेच नव्हते ती साधी माणसे आपली बिऱ्हाडे गाड्यांवर लादून ल्यू बेइबरोबर दक्षिणेकडे निघाली. लाखभर माणसे, हजारो गाड्या. दिवसाला जेमतेम चार-पाच किलोमीटर चाल. छांगबानजवळ त्साव त्सावच्या घोडदळाने त्यांना गाठले. त्याच हिवाळ्यात लाल कड्यांची लढाई झाली आणि जिंग सुभ्याचे तीन सत्तांत तुकडे पडले. पुढे कित्येक वर्षे ती भूमी रणांगणच राहिली.

बँकेत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. रोकड, किल्ल्या, अपुरी प्रकरणे, सारे लिहून नव्या माणसाची सही घ्यायची. ती झाल्याशिवाय जुना माणूस मोकळा होत नाही. ल्यू ब्यावने अठरा वर्षे तिजोरी जपली, पण चार्ज दिला नाही. आणि त्याची झडती घेणारा तपासनीस तर पूर्वीच नाहीसा झाला होता.

तो गेला तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. मीही आता त्याच वयाच्या आसपास आहे. घरातल्या कपाटात कागद पडले आहेत, दोन मुलांना सांगायच्या काही गोष्टी राहिल्या आहेत. या रविवारी ते काम काढायचे ठरवले आहे.