एलिझाबेथ फ्राय : शिक्षा की सुधारणा?



वर्गात एखाद्याने दुसऱ्याचं पेन चोरलं, तर त्याचं काय करायचं? हा प्रश्न विचारला की वर्गात लगेच दोन गट पडतात. एका गटाला वाटतं, त्याला चांगली अद्दल घडवावी, म्हणजे बाकीचेही घाबरतील. दुसऱ्या गटाला वाटतं, त्याने चोरी का केली ते आधी बघावं आणि त्याला सुधारायची संधी द्यावी. हाच प्रश्न मोठा झाला की कोर्टात आणि तुरुंगात जातो. आज आपण अशा एका बाईंची ओळख करून घेऊ, ज्यांनी या प्रश्नावर नुसतं भाषण केलं नाही, तर त्या थेट तुरुंगाच्या आत गेल्या. त्यांचं नाव एलिझाबेथ फ्राय.

बालपण आणि संसार

एलिझाबेथ यांचा जन्म २१ मे १७८० रोजी इंग्लंडमधील नॉर्विच येथे झाला. वडील जॉन गर्नी हे सधन बँकर. घर क्वेकर पंथाचं. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो, अशी या पंथाची श्रद्धा. एलिझाबेथ बारा वर्षांच्या असताना आई वारली आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी मोठ्या बहिणींवर आली. वयाच्या अठराव्या वर्षी विल्यम सॅव्हरी या अमेरिकन क्वेकर प्रवचनकाराचं प्रवचन त्यांनी ऐकलं आणि आयुष्याची दिशाच बदलली. चैनीचं जगणं त्यांना नकोसं झालं. गावातल्या गरीब मुलांना त्या शिकवू लागल्या.

१८०० साली जोसेफ फ्राय यांच्याशी लग्न होऊन त्या लंडनला आल्या. पुढे त्यांना अकरा मुलं झाली. म्हणजे बघा, ही काही घर सोडून निघालेली संन्यासिनी नव्हती. पाळणा हलवता हलवताच त्यांनी समाजाचं काम केलं.

न्यूगेटचा तुरुंग

१८१३ साली त्या पहिल्यांदा लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेल्या. तिथे जवळपास तीनशे बायका दाटीवाटीने कोंडलेल्या होत्या. शिक्षा झालेल्या आणि अजून खटलाही न चाललेल्या, सगळ्या एकत्र. सोबत त्यांची लहान लहान लेकरं. झोपायचं, शिजवायचं, धुवायचं तिथेच. अंथरायला धड काही नाही. आत जायला पहारेकरीही कचरत असत. एलिझाबेथ आधी बाळांसाठी कपडे घेऊन गेल्या.

मग तीनेक वर्षं घरच्या अडचणींत गेली. त्यांची एक लहान मुलगीही याच काळात वारली. १८१६ च्या अखेरीस त्या पुन्हा न्यूगेटमध्ये गेल्या, आणि या वेळी त्यांनी सुरुवात केली ती मुलांपासून. तुरुंगातल्या मुलांसाठी शाळा काढायची! अधिकाऱ्यांना हे जमेल असं वाटत नव्हतं. पण आया तयार झाल्या. शिक्षिका बाहेरून आणली नाही. कैदी बायकांनीच आपल्यातली एक निवडली. तिचं नाव मेरी कॉनर, आणि घड्याळ चोरल्याबद्दल ती तुरुंगात आली होती. चोर म्हणून आत आलेल्या बाईच्या हातात मुलांचं शिक्षण दिलं गेलं. विश्वास टाकणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

१८१७ मध्ये एलिझाबेथ यांनी काही मैत्रिणींना घेऊन स्त्री-कैद्यांच्या सुधारणेसाठी एक मंडळ स्थापन केलं. बायकांना शिवणकाम, विणकाम मिळालं आणि त्याचे थोडे पैसेही मिळू लागले. जुगार, दारू, शिवीगाळ यांवर बंदी आली. पण हे नियम वरून लादले नव्हते. एकेक नियम वाचून दाखवायचा आणि बायकांनी हात वर करून संमती द्यायची, अशी पद्धत होती. थोड्याच महिन्यांत तिथला गोंधळ इतका कमी झाला की शहरातली मोठी माणसं मुद्दाम बघायला येऊ लागली. १८१८ साली ब्रिटिश संसदेच्या समितीनेही एलिझाबेथ यांना साक्षीसाठी बोलावलं.

हॅरिएट स्केल्टन

आता एक दुःखद गोष्ट सांगतो. त्या काळी इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती. खोटी नोट खपवली तरी फाशी. हॅरिएट स्केल्टन ही एक मोलकरीण. तिने बँक ऑफ इंग्लंडच्या बनावट नोटा चालवल्या, त्याही एका पुरुषाच्या सांगण्यावरून. न्यूगेटमध्ये तिची वागणूक फार चांगली होती. तिला वाचवण्यासाठी एलिझाबेथ यांनी गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्यापर्यंत धडक मारली. उपयोग झाला नाही. उलट मंत्रिसाहेब नाराज झाले. १८१८ च्या एप्रिलमध्ये हॅरिएटला फाशी दिली गेली.

विचार करा, एलिझाबेथ यांचं माहेर बँकवाल्यांचं आणि सासरच्यांचीही बँक. खोट्या नोटांनी ज्यांचं नुकसान होतं, त्याच वर्गातल्या त्या. तरीही त्यांना वाटलं, कागदाच्या तुकड्यापेक्षा माणसाचा जीव मोठा आहे.

काळ्या पाण्याच्या वाटेवर

आपल्याकडे जसं काळं पाणी, तशी तिकडे ऑस्ट्रेलियाला हद्दपारी. निघायच्या आदल्या रात्री बायका दंगा करायच्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून, लोकांच्या टिंगलीतून बंदरावर नेलं जाई. एलिझाबेथ यांनी बंद गाड्यांची सोय करून घेतली आणि स्वतः सोबत गेल्या. प्रत्येकीला सुया, दोरा, कात्री आणि कापडाचे तुकडे यांचं गाठोडं मिळू लागलं, म्हणजे लांबच्या प्रवासात गोधडी शिवता येईल आणि उतरल्यावर हातात एक कला असेल. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजावर बायकांनी शिवलेली अशी एक गोधडी आजही ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवली आहे.

विरोधकांचं म्हणणं

आता दुसरी बाजूही पाहू. सिडनी स्मिथ या नामवंत लेखकाला एलिझाबेथ यांच्याबद्दल आदर होता, पण मार्ग पटत नव्हता. तुरुंग कष्टाचा आणि कंटाळवाणाच हवा, नाहीतर त्याची भीती कुणाला वाटणार, असा त्यांचा मुद्दा. हा मुद्दा अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. बाहेर प्रामाणिक गरीब उपाशी असेल आणि आत चोर सुखात, तर ते न्यायाचं कसं?

पण एलिझाबेथ यांनी शिक्षा रद्द करा असं म्हटलंच नव्हतं. तुरुंगात शिस्त हवी, काम हवं, हे त्यांनाही मान्य होतं. मात्र माणसाला अंधाऱ्या कोठडीत एकटं डांबून ठेवण्याला त्यांचा विरोध होता. शिक्षा संपल्यावर तो माणूस परत समाजातच येणार आहे, मग येताना तो कसा होऊन यावा, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

१८२३ च्या तुरुंग कायद्याने स्त्री आणि पुरुष कैद्यांना वेगळं ठेवणं आणि स्त्रियांवर स्त्री-रक्षक नेमणं बंधनकारक केलं. पण तपासणीची व्यवस्था नसल्याने अनेक ठिकाणी तो कागदावरच राहिला.

अखेरची वर्षं

१८२८ मध्ये पतीची बँक बुडाली. घरदार सोडावं लागलं, लोकांनी नावं ठेवली. तरी काम थांबलं नाही. १८४० साली त्यांनी परिचारिकांना प्रशिक्षण देणारी संस्था काढली. १२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट येथे त्यांचं निधन झालं.

आणि आता शेवटची गोष्ट. २००२ साली बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांच्या नोटेवर एलिझाबेथ फ्राय यांचं चित्र छापलं. न्यूगेटमधल्या कैदी बायकांना त्या वाचून दाखवत आहेत, असं दृश्य त्यावर होतं. ज्या बँकेच्या खोट्या नोटांपायी हॅरिएट फासावर गेली, त्याच बँकेच्या खऱ्या नोटेवर तिला वाचवू पाहणारी बाई आली. पण तोवर १८४ वर्षं लोटली होती.

मुलांनो, आता पुन्हा त्या पेनकडे या. शिक्षा द्यायची की सुधारायचं? एलिझाबेथ यांचं आयुष्य वाचून तुमचं उत्तर बदललं का? बदललं असेल तर का, आणि नसेल तर का नाही, ते दहा ओळींत वहीत लिहा. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं चालेल. फक्त लिहिताना एक लक्षात ठेवा, ज्याने पेन चोरलं तो उद्याही तुमच्याच वर्गात, तुमच्याच बाकावर बसणार आहे.