मनोरुग्णालय आतून पाहिलेला माणूस
क्लिफर्ड बिअर्स (१८७६-१९४३) हे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे पदवीधर. थोरल्या भावाला फिट्स येत. तो आजार आपल्यालाही होणार, या भीतीने त्यांना पोखरले. १९०० मध्ये त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. ते वाचले, पण पुढची सुमारे तीन वर्षे तीन मनोरुग्णालयांत गेली. भेटीला येणारा दुसरा भाऊ तोतया आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. १९०२ मध्ये त्यांनी त्याला पत्र धाडून, येताना तेच पत्र आणायला सांगितले. भाऊ ते हातात घेऊनच आला आणि दोन वर्षांचा भ्रम फिटला. औषधाचे हे काम नव्हे! मात्र गप्प बसणारा हा रुग्ण बोलू लागला, तक्रारी करू लागला, तेव्हा हात जखडणारे जॅकेट, थंड कोठडी आणि सेवकांची मारहाण वाट्याला आली.

हे सारे त्यांनी १९०८ च्या आत्मचरित्रात लिहिले. विल्यम जेम्ससारख्या मानसशास्त्रज्ञाने त्याला प्रस्तावना दिली. डॉक्टरांना शत्रू न मानता सोबत घेऊन त्यांनी १९०९ मध्ये राष्ट्रीय समिती स्थापली. १९१३ मध्ये न्यू हेवनला बाह्यरुग्ण क्लिनिक निघाले. १९३९ मध्ये ते स्वतःच पुन्हा मनोरुग्णालयात दाखल झाले; तिथेच त्यांचे निधन झाले.